वॉरंटी संपल्यावर इंजिनात दोष निघाला, डीलर म्हणतो खर्च तुमचाच. पुढे काय करावं?

डिचोलीकार:
नमस्कार मंडळी. बाइकबद्दल सल्ला हवाय. असं आणखीही कुणाच्या वाट्याला आलं असेल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाइक एका सिलिंडरची, साडेतीनशे सीसीच्या आसपासची. कंपनीचं आणि शोरूमचं नाव मुद्दाम देत नाही, पत्रव्यवहार चालू आहे. रोज डिचोली ते वेर्णा जाणं-येणं आणि अधूनमधून चोर्ला घाटातून बेळगाव. वॉरंटी तीन वर्षांची होती. सगळी सर्व्हिसिंग अधिकृत सेंटरला झाली, बाहेर कुणाला इंजिनाला पाना लावू दिलेला नाही.

दुसऱ्या वर्षापासून सकाळी थंड इंजिन सुरू केलं की हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, बाजूने टकटक यायची. गाडी गरम झाली की आवाज कमी व्हायचा. दर सर्व्हिसिंगला मी सांगायचो आणि उत्तर एकच यायचं, "या मॉडेलला असतोच हा आवाज." एकदा टॅपेट, म्हणजे झडपांचा गॅप, सेट करून दिले, आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. वॉरंटी संपून दोन महिने होत नाहीत तोवर आवाज गरम इंजिनातही यायला लागला आणि दोन सर्व्हिसिंगच्या मधेच ऑइल खिडकीच्या खालच्या रेघेच्याही खाली जायला लागलं.

आता त्यांनी हेड उघडलंय. एक्झॉस्टच्या बाजूचा कॅम, म्हणजे कॅमशाफ्टच्या फिरत्या दांड्यावरचा झडप उघडणारा उंचवटा, खवल्यासारखा उडालाय, नखाने चाचपलं तर नख अडकतं. कॅमचा दाब झडपेपर्यंत नेणाऱ्या रॉकर आर्मच्या तोंडावरही तसाच खड्डा. अंदाजपत्रकात कॅमशाफ्ट, दोन्ही रॉकर, पिस्टन, रिंगा, ब्लॉक, गॅस्केट आणि मजुरी धरून तीस हजारांच्या वर आकडा आहे. वॉरंटीचं नाव काढलं की "संपली ना साहेब" एवढंच. गाडी तिथेच उघडी पडून आहे. मी होकार दिलेला नाही.

वॉरंटीच्या काळात सांगितलेला दोष, तारीख उलटली म्हणून माझा कसा झाला? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

लेथवाला:
दादा, फोंड्याला माझं बोअरिंगचं वर्कशॉप आहे, रोज असे ब्लॉक आणि क्रँक हातातून जातात. पहिली गोष्ट, होकार दिला नाहीत हे फार चांगलं झालं. पार्ट एकदा बदलले आणि जुने भंगारात गेले की बोलायला काही उरत नाही. उद्याच जाऊन सगळ्या भागांचे जवळून फोटो घ्या. ऑइल फिल्टरही फेकू देऊ नका. त्याची घडी उलगडली की चमचमणारी पूड दिसते का ते बघा, ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावरही बघा.

आता मुद्द्याचं. कॅम खराब व्हायची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. ऑइल कमी पडलं असेल तर मार एकाच जागी बसत नाही. दोन्ही कॅम घासलेले दिसतात, रॉकरची तोंडं ओढल्यासारखी होतात, कॅमशाफ्टची बेअरिंगही आवाज करतात आणि कुठेतरी निळसर-तपकिरी जळका रंग चढतो. पण बाकी सगळं आरशासारखं चकचकीत आहे आणि एकाच कॅमवर खड्डे पडून पापुद्रा उडालाय, असं असेल तर संशय धातूवर जातो. कॅमच्या पृष्ठभागाला कडकपणा दिलेला असतो. तो थर पातळ किंवा कच्चा राहिला की स्प्रिंगच्या दाबाखाली तो तडकतो आणि खवले निघतात. हा दोष कारखान्यातून येतो, चालवणाऱ्याचा त्यात हात नसतो.

एक खबरदारी मात्र सांगतो. त्याच बाजूचं टॅपेट कुणी फार ढिलं ठेवलं असेल तरी तो एक कॅम मार खातो. म्हणून टॅपेट सेट केले त्या वेळी आधी किती गॅप होता आणि नंतर किती ठेवला, ते जॉब कार्डवर, म्हणजे सेंटरच्या कामाच्या नोंदीवर, लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर कागद तुमच्या बाजूने बोलेल. गॅप चुकीचा ठेवला असेल तरी तो त्यांच्याच सेंटरने ठेवलाय, तुम्ही नाही.

ऑइल जळण्याचं म्हणाल तर कॅममुळे थेट ऑइल जळत नाही. पण कॅममधून निघालेली लोखंडाची पूड ऑइलबरोबर सगळीकडे फिरते. फिल्टर सगळी धरत नाही. ती पिस्टन आणि बोअरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीच्या, मधे गेली की उभ्या रेघा पडतात, रिंगा पकड सोडतात आणि निळा धूर सुरू होतो. म्हणजे तुमचा ब्लॉक हा दुसरा आजार नसून पहिल्याचाच परिणाम असू शकतो. कॅमची उंची मायक्रोमीटरने मोजून घ्या. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये किमान मर्यादा दिलेली असते, तो आकडा आणि तुमचा आकडा शेजारीशेजारी लिहून घ्या.

डिचोलीकार:
लेथवालेबाब, खूप आभार. आज बघून आलो. इनटेकचा कॅम आणि बेअरिंग अगदी स्वच्छ आहेत, जळका रंग कुठेच नाही. ब्लॉकमध्ये एका बाजूला बारीक उभ्या रेघा आहेत. फिल्टर मी पिशवीत घालून घरी आणला, त्यात पूड आहे.

जॉब कार्डची प्रत मागितली तर म्हणाले सिस्टीममध्ये आहे, ग्राहकाला देत नाही. माझ्याकडे फक्त बिलं आहेत. त्यातल्या एकावर "इंजिन नॉइज, चेक्ड ओके" अशी ओळ आहे.

मांडवीतीर:
मी वकील आहे, पर्वरीच्या ग्राहक आयोगात ग्राहकांची प्रकरणं चालवते. ती एक ओळ सोन्यासारखी जपा. वॉरंटी चालू असताना तुम्ही आवाजाची तक्रार केली आणि त्यांनी ती नोंदवली, हे त्यांच्याच कागदावर आलंय. तुमच्या प्रकरणात महत्त्वाची तारीख वॉरंटी संपल्याची नाही, दोष पहिल्यांदा सांगितल्याची आहे. कळवलेला दोष त्यांनी तेव्हा काढला नाही आणि तो वाढत गेला, ही वॉरंटीतली सेवा न दिल्याची तक्रार आहे. वॉरंटीनंतर उद्भवलेला नवा बिघाड म्हणून ती मांडूच नका.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(१०) मध्ये दोषाची व्याख्या आहे. मालाच्या दर्जात कायद्याने किंवा करारानुसार जे असायला हवं त्यातली कोणतीही उणीव म्हणजे दोष, आणि तो करार लेखी-उघड असो की गृहीत धरलेला. तक्रारीची मुदत कलम ६९ प्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षं. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण त्यावर विसंबू नका.

जॉब कार्डसाठी तोंडी मागणी पुरे झाली. ईमेल करा, शोरूमला आणि कंपनीच्या मुख्य कार्यालयाच्या ग्राहक विभागाला एकाच वेळी. त्यात गाडीचा नंबर, चासिस नंबर, तक्रारीच्या तारखा, आज हेड उघडून काय दिसलं ते आणि जॉब कार्डच्या प्रतींची मागणी असू द्या. तेच पत्र स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा. नाही दिल्या प्रती तरी बिघडत नाही, कागद हजर करायला लावण्याचा दिवाणी न्यायालयासारखा अधिकार आयोगाला आहे. मागूनही दिल्या नाहीत, ही गोष्ट तुमच्याच उपयोगी पडते. मोबाइलवर आवाजाचे जुने व्हिडिओ असतील तर मूळ फाइल जपून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेली नको. मूळ फाइलमध्ये तारीख राहते.

कुळागर:
वकीलबाई म्हणतात ते खरं असेल, पण मी उलट बाजू मांडतो. माझ्या धाकट्या भावाने स्कूटरसाठी असंच प्रकरण घातलं होतं. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत, त्याला त्याच्या कितीतरी पट वेळ लागला. दरम्यान गाडी झाकून ठेवलेली. रोज वेर्ण्याला जाणाऱ्या माणसाने बस बदलत किती काळ जायचं? बाहेरचा चांगला मेकॅनिक निम्म्या खर्चात इंजिन बांधून देईल. ब्लॉक रिबोअर करा, म्हणजे नळी कापून थोडी मोठी करा, ओव्हरसाइज पिस्टन घाला, कॅम-रॉकर नवे घाला आणि मोकळे व्हा. आपला वेळही पैसाच आहे.

मांडवीतीर:
कुळागरभाऊ, वेळेबद्दल तुमचं म्हणणं मी खोडून काढत नाही. चाचणी लागली तर पाच महिने आणि एरवी तीन, असं कलम ३८ म्हणतं, आणि प्रत्यक्षात तारखा लांबतात हे मी रोज बघते. पण गाडी वापरायची आणि हक्कही राखायचा, हे दोन्ही जमतं, आणि बहुतेकांना ते कुणी सांगतच नाही.

शोरूम आणि कंपनी दोघांना पत्राने कळवा, अमुक तारखेपर्यंत तुमच्या तंत्रज्ञाने येऊन सुटे भाग तपासावेत, त्यानंतर मला गाडीची गरज असल्याने मी दुरुस्ती करून घेईन आणि खर्च वसूल करण्याचा हक्क राखून ठेवीन. पंधरा दिवस द्या. त्या मुदतीत स्वतंत्र जाणकाराकडून लेखी अहवाल घ्या. मग दुरुस्ती करा आणि जुना कॅमशाफ्ट, रॉकर, पिस्टन, ब्लॉक सगळं घरी आणा. इंजिन बांधून घेतलं म्हणजे तक्रार मेली असं नाही. पुरावा न ठेवता बांधलं तर मात्र मेली.

लेथवाला:
मी याला दुजोरा देतो. आणि रिबोअर करायचा असेल तर आधी ब्लॉकचे फोटो आणि मापं घ्या, कारण एकदा बोअर मारला की त्या रेघा माझ्याच मशीनवर नाहीशा होतात. जमलं तर जुना ब्लॉक बाजूला ठेवून दुसराच घाला. कॅम तर अजिबात कुणाला देऊ नका. त्याची रॉकवेल कडकपणाची चाचणी करता येते. खराब कॅमवर आणि शेजारच्या चांगल्या कॅमवर, दोन्हीकडे करायची. आकड्यात फरक आला तर वाद बराचसा तिथेच मिटतो.

म्हापसा_पायलट:
मी म्हापशाला पायलट आहे, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी चालवतो, पिवळ्या मडगार्डवाला. माझ्या गाडीचं क्रँकचं बेअरिंग गेलं, तेव्हा मला थेट सांगितलं, "तुझी गाडी धंद्याची, तू ग्राहकच नाहीस." आमचं पोट त्या गाडीवर आहे. खरंच आम्हाला आयोगात जाता येत नाही का?

मांडवीतीर:
जाता येतं, आणि हे ठामपणे सांगते. व्यापारी हेतूने माल घेणारा ग्राहक नाही असं कायदा म्हणतो, पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की स्वयंरोजगारातून केवळ स्वतःचा उदरनिर्वाह करण्यासाठी वस्तू घेतली आणि वापरली तर तो व्यापारी हेतू नव्हे. स्वतः गाडी चालवून घर चालवणारा पायलट यात बसतो. दहा-वीस गाड्या रेंट-अ-बाइकला लावणाऱ्याची गोष्ट निराळी. तुमचं मोटरसायकल टॅक्सीचं परमिट आणि गाडी तुम्हीच चालवता याचा पुरावा तक्रारीला जोडा.

फक्त वॉरंटीचं पुस्तक उघडून बघा. काही कंपन्या भाड्याच्या वापराला वॉरंटीच देत नाहीत किंवा कमी देतात. शोरूमने तुम्ही पायलट आहात हे माहीत असताना गाडी विकली असेल, तर त्या वेळचे कागद शोधा.

म्हापसा_पायलट:
बिलावर टॅक्सी असं लिहिलेलं आहे. देव बरें करूं, बाय.

अबोली:
मला दुसरंच विचारायचंय. मी एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली होती. इंजिनातली कॅमशाफ्ट फिरवणारी टायमिंग चेन आणि ती ताणून धरणारा टेन्शनर गेला. ते म्हणतात तुमची एक सर्व्हिसिंग उशिरा झाली म्हणून वॉरंटी रद्द. ती भर पावसात आली होती, आमच्या भागात रस्त्यावर पाणी होतं, सेंटरनेच पुढची तारीख दिली. याला काही अर्थ आहे का?

मांडवीतीर:
अबोलीताई, तारीख त्यांनी पुढे ढकलली याचा मेसेज असेल तर आधी तो छापून ठेवा. वाद असा मांडा, त्या उशिरामुळेच टेन्शनर गेला हे कंपनीने दाखवावं. त्या सर्व्हिसिंगला ऑइल कसं निघालं, किती होतं, याची नोंद त्यांच्याकडेच असणार. शर्त मोडली एवढं म्हणणं सोपं असतं, पण शर्तीचा आणि बिघाडाचा संबंध जोडून दाखवायला लावा.

लेथवाला:
पावसाचा विषय निघालाच आहे तर गोव्यातल्या सगळ्यांसाठी लिहितो. इथे कंपनीचा माणूस आला की पहिलं वाक्य असतं, "इंजिनात पाणी गेलंय." ते खरं असेल तर ऑइल दुधाळ चहासारखं होतं, एअर फिल्टरच्या डब्यात ओल किंवा चिखलाची रेघ दिसते, बेअरिंगवर गंजाचे ठिपके येतात. हेड उघडलेल्या दिवशीच ऑइल पांढऱ्या बाटलीत काढून फोटो घ्या आणि फिल्टरचा डबा उघडून आतला फोटो घ्या. महिनाभर उघडं पडलेलं इंजिन आपल्या हवेत आपोआप गंजतं, आणि मग तो गंज कशाचा हे कुणीच सांगू शकत नाही. डिचोलीकारदादा, तुमचं हेड उघडंच आहे ना? सगळ्या भागांना ऑइल चोळून प्लास्टिकमध्ये बांधून ठेवायला सांगा, आजच.

पेडण्याचा_वारा:
अजून एक वाट कुणी सांगितली नाही. रिकॉल. सियाम या उत्पादकांच्या संघटनेची २०१२ पासून स्वेच्छेने गाडी परत बोलावण्याची पद्धत आहे, आणि बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर चासिस नंबर टाकून बघता येतं. रिकॉलमधलं काम वॉरंटी संपली तरी फुकट होतं. शिवाय मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलंय. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांमध्ये पर्यावरणाला किंवा माणसांना धोका देणारा दोष असेल आणि ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्या तर सरकार रिकॉलचा हुकूम काढू शकतं. चालत्या गाडीचं इंजिन जाम झालं तर मागचं चाक लॉक होतं, जुवारी पुलावर ट्रकांच्या मधे असं झालं तर काय होईल? म्हणून तक्रार तिथेही नोंदवून ठेवा. आपल्या एकट्याच्या तक्रारीने रिकॉल होत नाही, पण प्रत्येकाने घरी बसून राहिलं तर कधीच होणार नाही.

आणि एक खूण सांगतो. स्पेअर पार्टच्या दुकानात तुमच्या मॉडेलच्या कॅमशाफ्टचा पार्ट नंबर विचारा. जुन्या नंबराच्या शेवटचं अक्षर बदलून नवा नंबर आला असेल, तर कंपनीने तो भाग मधल्या काळात सुधारलाय. तेवढ्याने दोष सिद्ध होत नाही, पण विचारण्यासारखा प्रश्न तयार होतो, "का बदललात?"

डिचोलीकार:
विचारलं. नंबर बदललाय! दुकानदाराने कॅटलॉगचं पान दाखवलं, जुन्यापुढे "याऐवजी नवा" अशी नोंद आहे. फोटो घेतला.

ईमेल गेलाय, स्पीड पोस्टही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. आता दोन प्रश्न. आयोगात गेलो तर नवीन गाडी मागू का? आणि स्वतंत्र जाणकार कुठे शोधू?

मांडवीतीर:
नवीन गाडी मागू नका. २००६ मध्ये मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण गाडी बदलण्याचा आदेश रद्द केला. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची हमी होती, गाडी बदलण्याची नव्हती, असं सांगून ग्राहकाला फक्त भरपाई दिली. त्यामुळे कॅमशाफ्ट-रॉकर-ब्लॉकची विनामूल्य दुरुस्ती किंवा तिचा खर्च, गाडी बंद होती त्या काळातला प्रवासखर्च, मनस्ताप आणि दाव्याचा खर्च एवढं मागा. माफक मागणीला आयोग गांभीर्याने घेतो, हा माझा अनुभव आहे.

नव्या कायद्यातलं उत्पादन दायित्वाचं प्रकरण वाचून बरेच लोक हुरळून जातात. त्यात उत्पादकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही, हे बरोबर. पण तिथल्या हानीच्या व्याख्येतून त्या वस्तूचंच झालेलं नुकसान वगळलेलं आहे. इंजिन फुटून तुम्ही पडलात, लागलं, तर ते प्रकरण. नुसतं इंजिन गेलं तर साधी सदोष मालाची आणि सेवेतल्या त्रुटीची तक्रार.

जाणकाराचं म्हणाल तर हा दोष डोळ्यांनी ठरणारा नाही. कलम ३८ प्रमाणे अशा वेळी आयोग वस्तू चाचणीला पाठवू शकतो, फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. अर्जात तुम्ही नाव सुचवू शकता. फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयाचा यंत्र विभाग सुचवा, वाहतूक खात्याचा मोटार वाहन निरीक्षकही सुचवता येतो. आयोगाआधी अहवाल हवा असेल तर परवानाधारक वाहन सर्व्हेअरकडून घ्या. लेथवालेबाबांसारख्या माणसाचं शपथपत्रही जोडा, ज्याने भाग हातात घेऊन मोजलेत.

डिचोली उत्तर गोव्यात येते, म्हणजे तुमचा आयोग पर्वरीचा. दक्षिणेतल्यांसाठी मडगाव. तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या मालासाठी तक्रारीला शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, वकील लागतोच असं नाही.

कुळागर:
हे सगळं वाचून माझं मत थोडं बदललं. निदान पंधरा दिवसांचं पत्र आणि जुने भाग घरी आणणं, हे तर कुणीही करू शकतं.

डिचोलीकार:
मंडळी, खबर आहे. पत्राची मुदत संपायच्या आत कंपनीचा विभागीय सर्व्हिस अधिकारी आला. कॅम त्याने बराच वेळ भिंगाखाली धरून बघितला. पाण्याचा विषय काढला, तेव्हा मी ऑइलच्या बाटलीचा आणि फिल्टरच्या डब्याचा फोटो पुढे ठेवला. पार्ट नंबरचं पान दाखवल्यावर तो काही बोलला नाही.

संध्याकाळी फोन आला. सगळे पार्ट कंपनी देणार, मजुरी, गॅस्केट आणि ऑइल माझं. "गुडविल म्हणून" असं म्हणाले. त्याआधी एका कागदावर सही हवी आहे, त्यात "पूर्ण व अंतिम समाधान, भविष्यात कोणतीही तक्रार राहणार नाही" असं लिहिलंय. काय करू?

मांडवीतीर:
जशीच्या तशी सही करू नका. गुडविल शब्दाला माझी हरकत नाही, त्यांना तो वापरू द्या. पण "भविष्यात कोणतीही तक्रार नाही" हे काढून "या दुरुस्तीपुरतं" असं करून घ्या. बदललेल्या भागांना किती महिने किंवा किलोमीटर वॉरंटी, ते त्याच कागदावर हवं. जॉब कार्डवर निदान लिहिलेलं हवं, कॅमच्या पृष्ठभागाला खड्डे, नुसतं "इंजिन वर्क" नको. मजुरीवरही अडून बघा. दोष वॉरंटीत कळवला होता, मजुरी तुमच्यावर का? नाहीच मानले तर मजुरी "हक्क राखून" भरतोय असं ईमेलने कळवून भरा आणि गाडी घेऊन या. पार्ट मिळतायत, ते सोडू नका.

डिचोलीकार:
ते वाक्य काढलं. नव्या भागांना एक वर्षाची वॉरंटी लिहून दिली. मजुरी अर्धी केली. जुने भाग कंपनीला परत हवेत म्हणाले, तपासणीसाठी. देऊ का?

लेथवाला:
भाग फुकट दिले की जुने परत मागतात, ती त्यांची पद्धत आहे. द्या, पण पोच घ्या. आधी प्रत्येकाचा फोटो, मापं, आणि पोचपावतीवर "खड्डे पडलेला कॅमशाफ्ट, पार्ट नंबर अमुक" असं लिहून सही-शिक्का. फिल्टर मात्र तुमच्याकडेच ठेवा, तो तुमच्या पैशाचा.

आणि गाडी हातात आली की घाई करू नका. बोअर नवा आहे, सुरुवातीला जास्त आरपीएम नको, चोर्ल्याचा चढ काही दिवस राहू द्या. कंपनी सांगेल त्याआधीच, पाचशे किलोमीटरच्या आसपास, ऑइल आणि फिल्टर बदला. जुन्या कॅमची पूड ऑइलच्या बारीक वाटांत कुठेतरी उरलेली असते. ऑइल पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच घाला. तो फिल्टरही उलगडून बघा आणि त्यात चमक दिसली तर त्याच दिवशी फोटोसह ईमेल करा, आता तुमची वॉरंटी चालू आहे.